मोटारसायकलवरच्या लांबच्या प्रवासात परवान्याचं शस्त्र कसं न्यावं

मोटारसायकलला डिकी नसते. परवान्याचं पिस्तूल किंवा रायफल घेऊन दुचाकीवर राज्याबाहेर निघणाऱ्याच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात. ढाब्यावर थांबलात की सामान उघड्यावर, पाऊस आला की तो थेट अंगावर, आणि गाडी घसरली तर शस्त्रही तुमच्याबरोबर डांबरावर. कायदा मात्र या शस्त्राची जबाबदारी एक मिनिटही दुसऱ्यावर टाकू देत नाही.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. लडाख, कन्याकुमारी, गोवा असं नुसतं फिरायला निघाला असाल, तर शस्त्र घरच्या तिजोरीत कुलूपबंद ठेवा. घर बंद राहणार असेल तर सुरक्षित ताब्याचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. स्पर्धेला निघालेला नेमबाज आणि जिवाला खरोखर धोका असल्यामुळे ज्याला परवाना मिळाला आहे असा माणूस, या दोघांसाठी पुढचं सगळं लिहितो आहे.

उदाहरणाला एक खरा रस्ता घेऊ. कोल्हापुरात नेमबाजीचं वेड मोठं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातले. भोपाळला मध्य प्रदेशच्या नेमबाजी अकादमीची रेंज आहे आणि तिथे मोठ्या स्पर्धा होतात. तेव्हा कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, भोपाळ हा रस्ता धरू.

परवाना नीट वाचा

बहुतेक परवानाधारक परवान्यावरचा स्वतःचा फोटो आणि मुदत एवढंच पाहतात. तिथेच शस्त्राचा क्रमांक, युनिक आयडेंटिफिकेशन नंबर (परवानाधारकाचा देशभराच्या नोंदणीतला क्रमांक), बाळगायच्या काडतुसांची मर्यादा आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो, हे लिहिलेलं असतं. क्षेत्र फक्त जिल्ह्याचं असेल तर शस्त्र घेऊन ती हद्द ओलांडता येत नाही. ‘संपूर्ण महाराष्ट्र’ असेल तर शिरपूरच्या पुढे, मध्य प्रदेशात पाऊल टाकलं की तो परवाना तुमच्या कामाचा नाही. भोपाळपर्यंत जायचं तर मध्य प्रदेशाचा समावेश किंवा ‘संपूर्ण भारत’ असं क्षेत्र हवं.

क्षेत्र वाढवून घ्यायचा अर्ज जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत करायचा, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत. कारण ठोस द्या आणि कागद जोडा: स्पर्धेचं पत्र, संघटनेचं शिफारसपत्र, धोका असल्यास आधीच्या तक्रारींच्या प्रती. पोलीस अहवाल येईपर्यंत वेळ जातो, त्यामुळे सुट्टी मंजूर करून घेण्याआधी हा अर्ज करा.

मुदतही पाहा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षांची झाली आणि नेमबाजांना असलेली सूट सोडली तर एका माणसाला २ पेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत. प्रवासाच्या मध्येच मुदत संपत असेल तर नूतनीकरण आधी, प्रवास नंतर. परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय परवानाही जातो. विनापरवाना शस्त्र सापडल्याचा गुन्हा याहून कितीतरी गंभीर आहे. त्याला २ ते ५ वर्षांची कैद आहे.

कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. रानडुकरं आणि वानरांपासून पीक राखायला मिळालेला शेती संरक्षणाचा परवाना त्या शेतीपुरताच समजा. ती ठासणीची बंदूक पाठीला लावून घाटावर पाहुण्यांकडे जायचं नाही.

शस्त्र ज्याच्या नावावर, तोच ते नेणार. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्याकडून पाठवायची सोय कायद्यात आहे, प्रवासासाठी नाही. भावाचं रिव्हॉल्व्हर ‘जरा सोबत असू दे’ म्हणून खिशात टाकलं, की तुम्ही विनापरवाना शस्त्रधारी झालात.

छऱ्याच्या एअर रायफलीचा नियम वेगळा आहे. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. लांबून ती खऱ्या रायफलीसारखीच दिसते, म्हणून खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि कडक केस बरोबर हवीच.

रस्ता आणि तारखा ठरवा

निवडणूक जाहीर झाली की आधी ती बातमी वाचा. आचारसंहितेच्या काळात जिल्ह्याची छाननी समिती कोणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवते, आणि तशी नोटीस आली तर पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करून पोच घ्यावी लागते. तुमच्या जिल्ह्यात निवडणूक नसली तरी वाटेवरच्या जिल्ह्यात असू शकते आणि तिथल्या नाक्यांवर भरारी पथकं उभी असतात.

दुसरी गोष्ट मनाई आदेशांची. ‘जिल्ह्यात ३७ (१) (३) लागू’ अशी बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या या कलमाखाली बंदुका, तलवारी, लाठ्या घेऊन फिरायला बंदी घालता येते. सण, मोर्चे, यात्रा यांच्या आगेमागे हे आदेश निघतातच. इतर राज्यांत, आणि आपल्याकडेही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (आधीचं कलम १४४) तसेच आदेश येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्याचे आदेश तपासा. शंका असेल तर त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून परवानाधारकांना सूट आहे का ते विचारा.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र न्यायचं नाही, ही परवान्याचीच अट असते. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते किंवा गणपतीत मिरवणुकीचे रस्ते टाळा. रायडर्सचे मेळावेही जमावच आहेत. वाटेत तुळजापूर किंवा शिर्डीला दर्शन घ्यायचं असेल तर ते शस्त्र नसलेल्या फेरीत घ्या, कारण मंदिराच्या दारात ते कोणाच्या हवाली करणार?

जंगलाच्या बाबतीत मात्र भलेभले फसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते आणि राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम आहे. आपले कितीतरी नेहमीचे रस्ते अभयारण्यांतून जातात. कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरणारा रस्ता, परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाणारा मेळघाटातला रस्ता, बेळगावहून अनमोड घाटाने गोव्यात उतरताना लागणारं मोलेचं अभयारण्य. नागपूर-बैतूलकडून भोपाळला जाणाऱ्यांना इटारसीच्या पुढे रातापाणीचं जंगल लागतं. तुम्ही सरळ डांबरी रस्त्याने जात असलात तरी वनखात्याच्या नाक्यावर बंदूक म्हटली की पहिला संशय शिकारीचा येतो आणि तो येणं बरोबरच आहे. लेखी परवानगी नसेल तर दुसरा रस्ता धरा, पन्नास किलोमीटर जास्त पडले तरी.

आमच्या उदाहरणातल्या रस्त्यावर धुळे ते सेंधवा हा पट्टा विशेष आहे. मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टी भागातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांमुळे शिरपूर-चोपडा बाजूला पोलीस दुचाकीस्वारांना कसून तपासतात. तो टप्पा दिवसाउजेडी पार करा आणि कागद हाताशी ठेवा. नेपाळ, भूतानच्या सफरीत तर शस्त्र न्यायचंच नाही.

बांधाबांध

शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसं न्यायचं ते सांगतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा सॅकसारख्या पिशवीत हवं, लांब नळीचं शस्त्र त्यासाठी बनवलेल्या केसमध्ये. दोन्ही पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात राहतील अशी हवीत. सॅडल बॅग या कसोटीवर टिकत नाही. सिग्नलला कोणीही तिची चेन उघडू शकतो, चहाला उतरलात की ती तुमच्यापासून दूर राहते, आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग तापते ते वेगळंच.

सर्वांत चांगली जागा म्हणजे रायडिंग जॅकेटच्या आत, छातीजवळ किंवा बाजूला घट्ट बसणारं, वरून पट्टीने बंद होणारं होल्स्टर. पाठीच्या मधोमध, कमरपट्ट्यात खोचून कधीही नेऊ नका. उताणे पडलात तर पिस्तुलाचा कठीण लोखंडी भाग सरळ मणक्यावर बसतो आणि जॅकेटचा बॅक प्रोटेक्टर तिथे काहीच करू शकत नाही. कंबरेच्या हाडावरही तीच भीती.

चालत्या गाडीवर शस्त्र भरलेलं नसावं. पिस्तुलाचं मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा, मग अंधारात केल्यासारखं करंगळीने चाचपून पाहा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत का मोजा. हे घरात, नळी भिंतीकडे धरून, बाकी कोणी खोलीत नसताना करायचं. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात किंवा खाचांच्या प्लॅस्टिक डबीत, जॅकेटच्या दुसऱ्या खिशात. सुटी ठेवलीत तर हादऱ्यांनी एकमेकांवर घासत राहतात. जितकी लागतात तितकीच घ्या आणि निघताना आकडा लिहून ठेवा.

पावसाळ्यात चामड्याचं होल्स्टर नको. ते पाणी धरून ठेवतं आणि एका रात्रीत स्लाइडवर तांबूस गंज दिसू लागतो. नायलॉनचं वापरा, तेलाचा हलका हात फिरवा आणि पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका. रायफलीच्या कडक केसला पाणी न शिरणारं आवरण आणि दोन कुलुपं लावा, बोल्ट काढून वेगळा ठेवा. केस पाठीवर उभी न बांधता मागच्या कॅरिअरवर लांबीने पट्ट्यांनी आवळा, पण गाडीवरून उतरलात की ती बरोबर घ्या. गाडी रेल्वे पार्सलने किंवा ट्रकने पाठवणार असाल तर तिच्यावरच्या सामानात शस्त्र किंवा एक काडतूससुद्धा राहता कामा नये.

कॅम्पिंगसाठी कोयता, कुकरी घेणाऱ्यांनीही सावध राहावं. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं, घरकाम-शेतीचं नसलेलं हत्यार शस्त्रांच्या यादीत येतं आणि अधिसूचित भागात त्याला परवाना लागतो. लाकूड फोडायला छोटी करवत पुरते.

नाकाबंदी

पोलिसांना शस्त्राचा परवाना मागण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ ने दिला आहे. तो दाखवायला नकार दिलात तर ते शस्त्र ताब्यात घेऊ शकतात. म्हणून मूळ परवाना प्लॅस्टिक कव्हरमध्ये डाव्या छातीच्या खिशात ठेवा. शस्त्र त्या बाजूला नको. झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो जोडीला असू द्या, पण मूळ कागदाची जागा ते घेत नाहीत.

हात दाखवला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, स्टँड लावा, हेल्मेटची काच वर करा आणि दोन्ही हात हँडलवर दिसतील असे ठेवा. शस्त्र सापडण्याआधी तुम्हीच सांगा. शांत आवाजात: “साहेब, माझ्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे, रिकामं आहे. परवाना या खिशात आहे, काढू का?” सेंधव्याच्या पुढे हेच हिंदीत. ‘काढू का’ हा प्रश्न परवान्याबद्दल आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून बोलताना हनुवटीने खिसा दाखवा, हाताने नाही. पिस्तूल स्वतःहून बाहेर काढू नका. क्रमांक जुळवायचा असेल तर आडोशाला किंवा ठाण्यात जाऊन, अधिकारी सांगेल तसं करा. शस्त्र जप्त करणार असतील तर वाद न घालता पंचनाम्याची प्रत किंवा पावती मागा आणि त्यावर शस्त्राचा व काडतुसांचा आकडा बरोबर आहे ना ते वाचूनच सही करा.

मागे बसणाऱ्यालाही शस्त्राची कल्पना हवी. पिशवी त्याच्या पाठीवर द्यायची नाही.

मुक्काम

लॉजच्या खोलीत शस्त्र ठेवून जेवायला जाऊ नका, आंघोळीला जातानाही दार आतून बंद आणि शस्त्र डोळ्यांसमोर. झोपताना उशीखाली नाही. केबल लॉक लावून केसमध्ये, काडतुसं दुसरीकडे. रात्री दारूचा विषय ठेवूच नका. लॉजवाल्याला, ढाब्यावरच्या ओळखीच्यांना, ग्रुपमधल्या नव्या रायडरला शस्त्राबद्दल सांगायची गरज नाही.

आणि रील करायचं नाही. पिस्तूल हातात घेऊन गाडीवर बसलेला फोटो म्हणजे तुम्ही स्वतःच पोलिसांना दिलेला पुरावा. सार्वजनिक जागी शस्त्र मिरवायला नियमानेच बंदी आहे आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अपघात झाला किंवा शस्त्र हरवलं तर

सोबत्याला निघण्याआधीच सांगून ठेवा: मी बेशुद्ध असेन तर ११२ ला फोन कर आणि जखमीच्या अंगावर परवान्याचं शस्त्र आहे हे पहिल्याच वाक्यात सांग. चांगल्या हेतूनेही सोबत्याने ते आपल्या बॅगेत टाकायचं नाही, कारण त्या क्षणापासून ते त्याच्याकडचं विनापरवाना शस्त्र होतं. पोलीस येईपर्यंत जवळ थांबायचं, बघ्यांना लांब ठेवायचं. रुग्णवाहिका आधी आली तर कर्मचाऱ्यांना सांगायचं आणि त्यांच्याबरोबर जायचं. नंतर शस्त्र पोलिसांच्या ताब्यात गेल्याची नोंद मागायची.

शस्त्र किंवा काडतुसं गहाळ झाली, चोरीला गेली तर ‘आधी शोधून बघू’ नको. जिथे लक्षात आलं तिथल्या सर्वांत जवळच्या ठाण्यात लगेच तक्रार, तिची प्रत हातात, आणि तीच प्रत आपल्या परवाना शाखेला. त्या पिस्तुलाने उद्या कुठे गुन्हा झाला तर तपास तुमच्या नावापासून सुरू होईल, आणि तक्रारीवरची तारीख-वेळ तेव्हा तुमच्या बाजूने बोलेल.

घरी पोचल्यावर जॅकेट काढण्याआधी चेंबर पुन्हा तपासा, काडतुसं निघतानाच्या आकड्याशी जुळवा, नळी आणि स्लाइड कोरडी करून तेल लावा आणि शस्त्र तिजोरीत कुलूपबंद करा. स्पर्धेत झाडलेल्या काडतुसांची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढची काडतुसं घ्यायला जाल तेव्हा त्यांचा हिशेब द्यावा लागेल.