वर्गात लघुपट दाखवताना आणि बनवताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना घेऊन पाणीटंचाईवर लघुपट केला. पटकथा मी लिहिली, मोबाइल मी धरला, एडिटिंगला रात्री दीड वाजेपर्यंत मीच बसले. स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या, पालक खूश झाले. दुसऱ्या दिवशी एका मुलाला सहज विचारलं, “तू यात काय केलंस रे?” तो म्हणाला, “बाई, मी तुमची पर्स सांभाळली.”

ते उत्तर मला फार लागलं. कॅमेरा कुठे ठेवायचा, काय दाखवायचं, काय गाळायचं हे ठरवताना मुलं शिकतात, आणि ते सगळं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. खाली बऱ्याच चुका सांगितल्या आहेत, पण सगळ्यांत मोठी हीच. मोबाइल मुलांच्या हातात द्या आणि आपले हात मागे बांधा. चित्र वाकडं आलं तर येऊ द्या.

संदेशापासून सुरुवात करू नका

“लघुपट करा” म्हटलं की विषय ठरलेले येतात: झाडे लावा, पाणी वाचवा, व्यसन सोडा. शेवटी एक जण कॅमेऱ्याकडे वळून हात जोडतो आणि संदेश देतो. मुलांचा यात दोष नाही, निबंधापासून भाषणापर्यंत आपणच त्यांच्याकडून हे घोटून घेतलेलं असतं. पण शेवट आधीच माहीत असला की कुणाला काही निरखून बघावंच लागत नाही.

यावर मला सापडलेला उपाय खूप जुना आहे. १८९५ साली सिनेमाच्या आद्य निर्मात्यांपैकी असलेल्या ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये दाखवलेल्या फिती जेमतेम पन्नास सेकंदांच्या होत्या. एका जागी ठेवलेला कॅमेरा, एकच सलग शॉट. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले. मी मुलांना तेच बंधन घालते: एक मिनिट, एक शॉट, मोबाइल हलवायचा नाही, झूम नाही, संवाद नाही. विषय फक्त “आपल्या गल्लीतलं पाणी”.

एका मुलीने मोबाइल जमिनीलगत विटेला टेकवून ठेवला होता. चित्रात नळ नाही, कुणाचा चेहरा नाही, नुसते रांगेतले हंडे आणि पाय. चाळीस सेकंद काहीच घडत नाही. मग एक पाय पुढे येतो आणि स्टीलची कळशी हळूच दोन हंड्यांच्या मधे सरकवतो. वर्गात एकच गलका झाला! ती कळशी कोणाची, मधे का घातली, नळ किती वेळ चालतो, यावर मराठीची अख्खी तासिका गेली. गणिताच्या तासाला एक हंडा भरायला किती सेकंद लागतात आणि शेवटच्या हंड्यापर्यंत पाणी पुरतं का, याचा हिशेब मांडला. आदल्या वर्षी याच विषयावर मी दहा मिनिटांचा लघुपट केला होता आणि त्यात यातलं काहीच आलं नव्हतं.

दाखवताना होणाऱ्या चुका

शनिवारी शेवटच्या तासाला बक्षीस म्हणून फिल्म लावली, तर मुलं तिच्याकडे बक्षीस म्हणूनच बघतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सात-आठ मिनिटांचा लघुपट निवडा, म्हणजे तो दोनदा दाखवता येतो. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, आणि एखादा भाग आवाज बंद करून. संवाद नसलेले लघुपट हाताशी ठेवा. ज्या वर्गात काही मुलांच्या घरी पावरी, गोंडी किंवा हिंदी बोलतात, तिथे अशा लघुपटावर सगळेच बोलायला लागतात.

फिल्म संपताच “यातून काय बोध घेतला?” असं विचारू नका. चाळीस मुलांचं एकच उत्तर येतं. “पहिल्यांदा आजोबा दिसले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?” असं विचारा. मुलं भांडतात, परत बघायला मागतात. अर्थ काय, हा प्रश्न त्यानंतर.

आणि लघुपट आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. निम्मा बघून “चांगला वाटतोय” म्हणून वर्गात लावू नका. तासाला नेट रुसतं, म्हणून शक्य असेल तर तो आधीच डाउनलोड करून ठेवा.

आवाज, चित्र, फाइल

मुलांच्या लघुपटात चित्रापेक्षा आवाजच जास्त दगा देतो. पंखा, पत्र्याचं छत, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळं मोबाइल गोळा करतो. पंखे बंद करा. कॅमेरा लांब असेल तर दुसरा मोबाइल रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवली की एडिटिंगमध्ये दोन्ही आवाज जुळवायला सोपं जातं.

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर मोबाइल बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग आपल्याला ठरवता येतात तिथे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ती सोय नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीपाशी या. मोबाइल सगळ्यांनी आडवाच धरायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

तयार फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की चित्र फुटतं. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केबलने संगणकावर घ्या.

कोंब फुटताना

विज्ञानाच्या तासाला करण्यासारखा लघुपट दादासाहेब फाळक्यांनीच करून ठेवला आहे. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणे लावले, समोर कॅमेरा ठेवला, महिनाभर ती वाढ टिपली आणि मिनिटभराची फिल्म केली: ‘अंकुराची वाढ’. तीच बघून काही जण त्यांच्या पुढच्या चित्रपटासाठी पैसे द्यायला तयार झाले.

वर्गात हे करताना दोन गोष्टी हमखास चुकतात. रोज मोबाइल उचलून परत ठेवला की रोप चित्रात उड्या मारतं. म्हणून मोबाइलच्या स्टँडभोवती आणि कुंडीभोवती खडूने रेघ आखून ठेवा. दुसरी गोष्ट उजेडाची. खिडकीतलं ऊन तासागणिक बदलतं, म्हणून फोटो काढताना कुंडी कोपऱ्यात एकाच दिव्याखाली आणा आणि स्क्रीनवर बोट दाबून फोकस व उजेड लॉक करा. सुरुवातीलाच मुलांना हिशेब घालायला लावा: दिवसाला चार फोटो, दहा दिवस, आणि एका सेकंदाला दहा फोटो दाखवायचे. सगळे मिळून चार सेकंद! मग तीच ठरवतात की दिवसाला किती फोटो हवेत आणि रविवारी शाळेची किल्ली कोण आणणार.

परवानगी

शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे चित्रपट दाखवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. मुलांच्या लघुपटाला सिनेमाचं गाणं लावून तो यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे ही मुभा पुरत नाही. संगीत हवंच असेल तर मुलांकडून ताटल्या, डबे वाजवून घ्या. आणि मुलांचे चेहरे बाहेर जाण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, गावातल्या माणसांनाही विचारा.

कच्ची जोडणी दुसऱ्या गटाला दाखवा

शेवटचा हात आपण फिरवायचा मोह होतो. तो आवरा. कच्चा लघुपट दुसऱ्या गटाला आवाज बंद करून दाखवा आणि गोष्ट काय समजली ते त्यांना सांगू द्या. यंदा एका गटाने बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवणाऱ्या काकांवर लघुपट केला. दुसऱ्या गटाने विचारलं, “धाव तापवल्यावर मोठी झाली, पण मग घट्ट कशी बसली?” धाव थंड होऊन आवळावी म्हणून चाकावर पाणी ओततात, तो शॉट कुणीच घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिघं जण पुन्हा त्या काकांच्या दारात उभे होते.