सीपॅप आणली अन् कपाटावर ठेवली? या चुका टाळा

आमच्या वर्धा-यवतमाळकडे आता खेड्यातही सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारी मशीन) दिसते, पण ती रोज रात्री लागते का हे विचारू नका. झोपेत श्वास अडकतो म्हणून नागपूरला जाऊन स्लीप स्टडी म्हणजे झोपेची तपासणी केली, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकतो नाहीतर कमी पडतो तो आकडा) तिशीच्या वर म्हणजे गंभीर निघाला, मशीन घेतली, अन् आठ दिवसांत कपाटावर. "ते बांधून झोप येते का बाप्पा!"

बहुतेक वेळा भानगड मास्कची असते. हवा लीक होते म्हणून लोक पट्टे आवळत जातात, सकाळी नाकावर लाल वळ अन् लीक तसंच. मास्क बसल्या बसल्या फिट करू नका, आडवं व्हा, मशीन सुरू करा, मास्क जरासा उचलून परत टेकवा म्हणजे त्याची गादी हवेनं फुगून नीट बसते, मग पट्टे बेतानं ओढा. तोंडाला तेल चोपडून झोपायची सवय सोडा, सिलिकॉन घसरतं. झुबकेदार मिशी असेल अन् झोपेत तोंड उघडं पडत नसेल तर नाकपुड्यांत बसणारा मास्क मागून पहा, मिशी काढायला कोणी तयार होत नाही हे माहीत आहे.

हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी तर बिलकुल नको, तळाला पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या, उरलेलं सकाळी फेका. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड वाजते तेव्हा मशीन बिघडली नसते, ती खाटेपेक्षा खाली ठेवा, नळी गोधडीखालून घ्या. फिल्टर मात्र आपल्याकडे लवकर भरतो, कापूस भरलेल्या खोलीतच झोपायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार, तेव्हा दर आठवड्याला काढून बघत जा.

लाइट गेली तर गुदमरू का, ही भीती बऱ्याच जणांना असते. मास्कला हवा जायला छिद्रं असतात, नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल फेसला वेगळा वॉल्व्हही असतो, तरी मशीन बंद पडली की मास्क काढायचा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर जोडून घ्या.

नातेवाइकाची जुनी मशीन आणून तशीच लावणं ही महागात पडणारी बचत. प्रेशर ज्याचं त्याचं वेगळं असतं, अन् रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असेल तर सीपॅप नाही, बायपॅपही (श्वास घेताना जास्त अन् सोडताना कमी दाब देणारी मशीन) लागू शकते. सकाळी डोकं जड, दिवसा गुंगी, असं असेल तर एबीजी टेस्टबद्दल (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) छातीच्या डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात धोक्याचं काम ऑक्सिजनचं. चुलीच्या धुरानं नाहीतर बिडीनं सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) झालेल्या माणसाचं बोटावरचं मशीन ऑक्सिजन ९० टक्के दाखवते म्हणून घरचे लोक घाबरून कॉन्सन्ट्रेटर (घरी ऑक्सिजन देणारी मशीन) वाढवतात, ९८ झालं की खूश. अशा पेशंटला साधारण ८८ ते ९२ पुरते, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड चढून माणूस सुस्त पडतो अन् घरच्यांना वाटते शांत झोपला. लिटर डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. ऑक्सिजन सुरू असताना बिडी, उदबत्ती, चूल जवळ नको, भडका उडतो.

दाखवायला जाताना मशीन सोबत न्या, किती तास वापरली, लीक किती, सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. अन् काकूंनाही न्या, काकांना विचारलं तर ते म्हणतेच, "मी कुठं घोरतो?"