टेबलावर चालतं, शेतात बंद पडतं : स्वस्तातली यंत्रं बनवताना या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेलं पाणी देण्याचं यंत्र मुलं हौसेनं शेतात नेऊन लावतात आणि आठवड्याच्या आत ते बंद पडतं. गेली काही वर्षं मी गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींसोबत संध्याकाळी बसून असली यंत्रं जोडतोय. बंद पडलेली जेवढी पाहिली, त्यांतल्या फार थोड्यांचा दोष प्रोग्रॅममध्ये होता. बाकीची गेली ती अपुऱ्या विजेनं, ओलीनं, सैल जोडांनी आणि मोटरच्या चुकीच्या जोडणीनं.

याचं मला वाईट वाटतं. एकदा यंत्र बंद पडलं की घरातून "पुरे झालं, आता अभ्यासाला बस" असं येतं आणि ती मुलगी पुन्हा त्या डब्याला हात लावत नाही. तिच्या हातात जे आहे ते तिच्या आईवडिलांच्या पिढीला मिळालंच नव्हतं. आर्डुइनो हा प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. आज वायफाय असलेला तसाच नोडएमसीयू बोर्ड तीन-चारशे रुपयांत घरपोच येतो. हातानं करत शिकायचं ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर, आणि २००२ साली तिथे फॅब लॅबही (डिजिटल यंत्रांनी वस्तू बनवून बघायची कार्यशाळा) उभी राहिली. सामान आहे, परंपरा आहे. अडतं ते पुढच्या काही चुकांपाशी.

वीज अपुरी, शोध मात्र प्रोग्रॅममध्ये

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लक्षणं ठरलेली असतात. लॅपटॉपला जोडलेला बोर्ड छान चालतो, पण मोबाईलच्या चार्जरवर लावला की सारखा रीसेट होतो. रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच) 'टक्' वाजला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ईएसपी३२ (वायफाय असलेला दुसरा बोर्ड) असेल तर लॅपटॉपवरच्या सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डचे संदेश दिसतात त्या खिडकीत, 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ येते. ती ओळ दिसू नये म्हणून काय करायचं हे मुलं इंटरनेटवर शोधतात आणि तसा उपाय सापडतोही. कृपा करून तो करू नका. वीज पुरत नाही हे बोर्ड स्वतः सांगतोय, त्याचं तोंड दाबून वीज वाढत नाही.

वायफायवरून माहिती पाठवताना हे बोर्ड क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर ओढतात. आर्डुइनो ऊनोची ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. तिच्यावर वायफायचं मॉड्यूल लावलं तर ते कधी चालेल, कधी नाही, आणि तुम्ही चार रात्री प्रोग्रॅम तपासत बसाल.

म्हणून सेन्सर घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्या. दोन-तीनशेवाला पुरतो. व्होल्टेज चार्जरपाशी मोजू नका. बोर्डच्या पिनांवर मोजा, तेही वायफाय चालू आणि रिले ओढलेला असताना. पाच व्होल्टच्या जागी साडेचार दिसले तर दोष चार्जरचा किंवा केसासारख्या बारीक वायरचा. जाड आणि आखूड वायर वापरा, बोर्डजवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा भाग) लावा आणि रिलेला वेगळा पुरवठा द्या. पुरवठे वेगळे केल्यावर दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडायचे राहून जातात. मग सेन्सरचे आकडे वाटेल तसे नाचायला लागतात.

एसएमएससाठी सगळे सिम८००एल हे छोटं मॉड्यूल आणतात. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. थेट ५ व्होल्टवर ते जळू शकतं, ३.३ वर नेटवर्क शोधता शोधता बंद पडतं. शिवाय ते फक्त टू-जीवर चालतं. जिओचं टू-जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे जिओचं सिम घालून कितीही वाट पाहिली तरी रेंज येणार नाही. मॉड्यूल खराब आहे म्हणून दुसरं मागवण्याआधी सिम बदलून बघा.

पोर्टच दिसत नाही

लॅपटॉपवर बोर्डचा पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाईलसोबत आलेल्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो, म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. केबल बदलूनही दिसत नसेल तर स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. सीरियल मॉनिटरवर अगम्य अक्षरं येत असतील तर प्रोग्रॅममधला वेग आणि मॉनिटरचा वेग सारखा आहे का बघा, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ११५२०० असतो.

ब्रेडबोर्ड शेतात नेणं

ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचून जोडणी करायची भोकांची पाटी, शिकण्यासाठी आहे. मोटारसायकलच्या डिकीतून कच्च्या रस्त्यानं दोन किलोमीटर गेला की निम्म्या जंपर वायरी ढिल्या होतात. जोडणी चालली की ती झिरो पीसीबीवर (भोकांभोवती तांब्याच्या चकत्या असलेली पट्टी) उतरवा आणि डाग द्या, म्हणजे सोल्डर करा.

डाग नीट बसला की नाही हे डोळ्यांनी कळतं. चांगला डाग चकचकीत असतो आणि पिनेभोवती उतरत गेलेला दिसतो, छोट्या टेकडीसारखा. मळकट, गोल गोळी होऊन वर बसलेला डाग आतून सुटा असू शकतो. तसं होतं कारण मुलं सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर शिसं वितळवून ते वरून टाकतात. आयर्नचं टोक पिन आणि तांब्याची चकती दोन्हींना एकदम टेकवा, दोनएक सेकंद गरम होऊ द्या, मग शिसं जोडाला लावा. ते आपोआप ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, काम झाल्यावर हात धुवा.

डब्याची भोकं खालच्या बाजूला पाडा आणि वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, आत जात नाही. उरलेलं भोक ग्लू गनने बुजवा, मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत येतात. आमच्या एका डब्यात रिलेच्या खाली मुंग्यांनी अंडी घातली होती.

ओलाव्याचा सेन्सर : 'वाफसा' विचारल्याशिवाय आकडा ठरवू नका

दोन दांड्यांचा, काट्यासारखा दिसणारा सेन्सर सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळे तोच घेतात. तो चोवीस तास वीज चालू ठेवून ओल्या मातीत खुपसला तर काय होतं ते एकदा स्वतः बघा. आठवड्याभरानं बाहेर काढा, एका दांड्यावरचा थर हिरवट होऊन झडलेला असेल, दुसरा बराचसा शाबूत. दोन दांड्यांमध्ये एकाच दिशेनं वीज वाहत राहते आणि धन बाजूचा धातू विरघळत जातो. दहावीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन ते हेच. यावर उपाय असा की सेन्सरला वीज बोर्डच्या एका पिनेवरून द्यायची, अर्ध्या तासानं क्षणभर चालू करून आकडा घ्यायचा आणि लगेच बंद करायची.

थोडे पैसे जास्त घालता आले तर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. त्याचा धातू मातीला लागत नाही. पण पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत झिरपतं आणि महिन्याभरात आकडे सरकायला लागतात. कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या, वरच्या टोकाचे सुटे भाग हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणाऱ्या) नळीत घाला आणि पट्टीवरच्या रेघेच्या वर माती येऊ देऊ नका. या सेन्सरचा आकडा ओल वाढली की कमी होतो. हे माहीत नसल्यानं एका मुलानं भर पावसात पंप चालू करणारा प्रोग्रॅम लिहिला होता.

आता खरी चूक. कुठल्या तरी व्हिडिओत '४०० च्या खाली म्हणजे ओली' असं सांगितलेलं असतं आणि तोच आकडा इथे टाकला जातो. तो आकडा त्या माणसाच्या कुंडीचा आहे. तुमच्या काळ्या रानाचा वेगळा येईल, मुरमाड तुकड्याचा आणखी वेगळा. आपल्याकडे यासाठी शतकांपासूनचं माप आहे, वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी नेमकी ओल. शेताला भरपूर पाणी द्या, सेन्सर लावून ठेवा आणि आजीला किंवा आजोबांना रोज बांधावर न्या. मूठभर माती दाबून ज्या दिवशी ते म्हणतील "आता वाफसा आला", त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. "आता पाणी द्यायला हवं" म्हणतील त्या दिवशीचाही लिहा. या दोन आकड्यांमध्ये तुमचं यंत्र चालवा. मुलांना मी हे नेहमी करायला लावतो, कारण त्या चार-सहा दिवसांत आजोबा त्या यंत्राचे भागीदार होतात.

काळ्या मातीत आणखी एक अडचण येते. ती सुकताना आकसते, भेगा पडतात, सेन्सरभोवती पोकळी होते आणि यंत्राला शेत कोरडं ठाक दिसतं. सेन्सर बसवताना त्याच मातीचा पातळ चिखल भोवती भरा आणि जागा ठिबकच्या तोटीच्या अगदी खाली न घेता थोडी बाजूला, मुळांच्या पट्ट्यात घ्या.

टाकीची पातळी मोजणाऱ्यांसाठी थोडकं : एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा सेन्सर टाकीतल्या वाफेनं लवकर जातो. त्याची उत्तराची पिन ५ व्होल्ट देते आणि नोडएमसीयू किंवा ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रोधक लावून व्होल्टेज उतरवा. वॉटरप्रूफ प्रकार घेतलात तर त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, तो भरलेल्या पाण्यापासून तेवढा उंच बसवा.

मोटरला थेट रिले

इथे मी कडक बोलतो, कारण चूक झाली तर यंत्र नाही, माणूस जातो.

निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट छापलेलं असतं. पाच एचपीची थ्री फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, म्हणून मुलांना वाटतं की बसेल. पण सुरू होताना तीच मोटर कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि एका रिलेनं तीन फेज तुटतही नाहीत. मोटर नेहमी स्टार्टरनेच चालवायची, तुमच्या यंत्रानं फक्त स्टार्टरच्या कॉइलला (स्टार्टर ओढून धरणारं तारेचं वेटोळं) इशारा द्यायचा. तिथेही एक खोच आहे. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक वेळा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते आणि आपला रिले २५० चा. त्याचे काँटॅक्ट एक दिवस चिकटतात, मोटर बंद होत नाही, विहिरीचं पाणी संपतं, मोटर कोरडी फिरून जळते. मध्ये त्या व्होल्टेजचा काँटॅक्टर (रिलेसारखाच, पण मोठ्या विजेचा स्विच) लागतो आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या. तुम्ही शेजारी उभं राहा, प्रश्न विचारा, पण हात लावू नका.

लाइट आल्या आल्या यंत्र क्षणभर मोटर चालू करत असेल तर पिन बदला. नोडएमसीयूवरच्या डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच्या कामासाठी वापरतो, तिथे रिले लावू नये. डी१ किंवा डी२ घ्या.

आणि स्टार्टरवर आधीपासून 'ऑटो' बसवलेला आहे का ते बघा. रात्रीचा पुरवठा असतो म्हणून बहुतेकांनी तो लावलेलाच असतो. तुमच्या यंत्रानं मोटर बंद केली, लाइट गेली, परत आली, की ऑटो ती पुन्हा चालू करतो. मोबाईलवर 'बंद' दिसतंय म्हणून कुणी पाण्यात किंवा वायरीला हात घातला तर काय होईल, याचा विचार यंत्र लावण्याआधी करा. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच खाली आणि फ्यूज खिशात, याला पर्याय नाही.

मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाची पवनचक्की मुलांना माहीत असते. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली, तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलानं गावच्या वाचनालयातलं पुस्तक बघून सायकलचा डायनॅमो, ट्रॅक्टरचा पंखा आणि पीव्हीसी पाइप यांतून ती उभी केली. मी त्यांना त्याच्या घरातला सर्किट ब्रेकर सांगतो. गवताच्या छपराखालून तारा नेलेल्या होत्या, ठिणगी पडली असती तर घर गेलं असतं, म्हणून त्यानं खिळे, तांब्याची तार आणि लोहचुंबक वापरून तोही स्वतः बनवला. त्याच्याकडे फ्यूज आणायला पैसे नव्हते. तुम्हाला फ्यूज दहा-वीस रुपयांत मिळतो, तो लावाच.

माझा आग्रह असा की पहिल्या हंगामात यंत्रानं मोटरला हातच लावू नये. नुसता दिवा लावावा किंवा मेसेज पाठवावा : 'खालच्या तुकड्याला पाणी हवं'. बटण माणसानं दाबावं. एक हंगाम आकडे बरोबर आले की मग पुढचं.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या

त्यातले १८६५० नावाचे गोल लिथियम सेल काढून वापरता येतात, पण त्यांना थेट डाग देऊ नका, गरम होऊन पेट घेऊ शकतात. होल्डर वापरा, संरक्षण असलेलं टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड घ्या आणि फुगलेला, गंजलेला सेल लगेच बाजूला काढा. ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेले स्वस्त सेल बाजारात दिसतात. या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण साडेतीन हजारच मावतात.

डबा लावून आल्यावर

झाकणाच्या आत जोडणीचा कागद चिकटवा, कुठली वायर कुठल्या पिनेला ते मराठीत लिहून. सहा महिन्यांनी तुम्ही शहरात कॉलेजला असाल आणि फोनवरून धाकट्या भावाला सांगावं लागेल, तेव्हा तो कागदच कामी येतो. आणि स्टार्टरची हिरवी-लाल बटणं काढू नका, त्यांच्यावर डबाही बसवू नका. तुमचं यंत्र मेलं तरी आजोबांना रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन जाऊन मोटर चालू करता आली पाहिजे.