परका की घरचा? बंदरातल्या तळजीवांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

परक्या तळजीवांवर, म्हणजे तळावर, गाळात किंवा खांबांवर राहणाऱ्या बाहेरून आलेल्या सागरी प्राण्यांवर, काम करायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच फेरीत काहीतरी परदेशी हाती लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं वर्ष इथलेच प्राणी ओळखण्यात जातं, आणि ते तसंच जायला हवं. हिरवी शिनाणी (लांबट मसल शिंपले), खडकावरची कालवं, चिखलातल्या तिसऱ्या, धक्क्याच्या खांबांवर चिकटलेले टणक कवचाचे बार्नॅकल हे सगळे दोन मिलिमीटरच्या पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या प्राण्यापर्यंत ओळखता आले नाहीत, तर त्यांच्यात दाटीवाटीने बसलेला पाहुणा समोर असून दिसत नाही. शिवाय बंदरात सगळं एकमेकांवर चढलेलं असतं: शिंपल्यावर बार्नॅकल, त्यावर वसाहत करून पसरणारे बारीक ब्रायोझोआ, फटीत गोमेसारखे पॉलिकीट किडे.

सुरुवात दोन शिंपल्यांपासून करा, कारण दोन्ही भारतात पक्के बसलेले आहेत आणि दोन्ही फसवतात. पहिला मायटिलॉप्सिस सॅली. मूळचा कॅरिबियन परिसरातला. 1967मध्ये विशाखापट्टणम बंदरात त्याची नोंद झाली, पुढे 1970च्या दशकात मुंबईतही. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, पण महिन्याभरात प्रजननाला तयार होतो आणि गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सगळं सोसतो. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरातल्या मरीनांमध्ये (होड्या ठेवायच्या छोट्या बंदरांत) तो मार्च 1999मध्ये सापडला, तेव्हा पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतून काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला गेला. ते जमलं, कारण तिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा असल्याने मरीनांना दरवाजे होते आणि ते बंद करता आले. उघड्या खाडीत असा उपाय सुचवू नका. मरतील ते बहुतेक घरचेच.

दुसरा मायटेला स्ट्रायगॅटा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा. केरळच्या अष्टमुडी सरोवरात त्याने गाळावर आणि शिंपल्यांच्या थरांवर अक्षरशः गालिचा पसरला आहे. याच सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला 2014मध्ये एमएससी (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते भारतातलं पहिलंच. म्हणून तिथला प्रश्न निव्वळ प्राणिशास्त्राचा राहत नाही. शोधताना लक्षात ठेवा, जुन्या लिखाणात हाच प्राणी मायटेला चारुआना या नावाने आहे. एकाच नावाने शोधलंत तर अर्ध्या नोंदी हुकतील.

रंगावर भरवसा ठेवू नका. मायटेला काळा, तपकिरी, हिरवट, नागमोडी पट्ट्यांचा, कसाही असतो, आणि शिनाण्याचं पिल्लूही कधी तपकिरी दिसतं. शिंपला गरम पाण्यात उघडा, मांस काढा, दहापट भिंगाखाली चोचीच्या, म्हणजे बिजागरीजवळच्या फुगीर भागाच्या, आतली बाजू बघा. चोचीखाली छोटा आडवा पडदा आणि त्याला लागून दातासारखा उंचवटा असेल तर मायटिलॉप्सिस. पडदा नाही, पुढच्या स्नायूची खूण नाही, आतून पांढरट मोतिया असेल तर आपलं हिरवं शिनाणं, म्हणजे पर्ना व्हिरिडिस. पडदा नाही, पण पुढच्या स्नायूची खूण आहे आणि आतून जांभळी झाक आहे, तर मायटेलाचा संशय घ्या. चोच अगदी टोकाला नसून थोडी मागे असेल तर मोडिओलस. बाहेरून बारीक उभ्या कडा असतील तर ब्रॅकिडाँटिसच्या बाजूने विचार करा. फोटोवरून ओळख मागणाऱ्यांना आतला फोटो नसेल तर उत्तर देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नमुने गोळा करण्याच्या पद्धती दोन गटांत पडतात, कठीण पृष्ठभाग आणि गाळ. बंदरातल्या परक्या जीवांचा मोठा हिस्सा कठीण पृष्ठभागावर असतो, कारण ते जहाजांच्या तळाला चिकटून येतात. खांबांवर 0.1 चौरस मीटरची चौकट लावून आतलं सगळं पिशवीत खरवडायचं. प्रचलित पद्धतीत पाण्याखाली अर्धा, तीन आणि सात मीटर खोलीवर नमुने घेतात. मुंबईच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून चौकटीलाच बारीक जाळीची पिशवी शिवून घ्या, नाहीतर सुटे खेकडे आणि किडे प्रवाहात जातात आणि यादी फक्त चिकटणाऱ्या जीवांची होते.

दुसरा मार्ग पट्ट्यांचा. 14 सेंटिमीटर लांब-रुंद पीव्हीसीची पट्टी, एक बाजू पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेली, विटेला बांधायची. खरखरीत बाजू खाली ठेवून ओहोटीच्या पातळीखाली एक मीटरवर तीन महिने टांगायची. बाजू खाली का? वर तोंड करून ठेवलेल्या पट्टीवर आपल्या पाण्यात गाळाचा थर बसतो आणि अळ्या टिकत नाहीत. एका ठिकाणी दहा तरी पट्ट्या हव्यात, कारण त्यातल्या काही जातातच. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पक्क्या धक्क्याला अंदाजाने बांधलेली पट्टी ओहोटीला उन्हात लटकेल आणि तुम्ही लिहाल की या बंदरात काही उगवत नाही. पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या धक्क्याला, म्हणजे पाँटूनलाच बांधा. दोर साधा, मळकट रंगाचा घ्या आणि धक्क्यावरच्या कामगारांना आधी सांगून ठेवा. चांगला निळा नायलॉन दोर कुणाच्या तरी उपयोगी पडतोच.

जूनमध्ये टांगलेली पट्टी आणि नोव्हेंबरमध्ये टांगलेली पट्टी यांची सरळ तुलना करू नका. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, बरेच घरचे जीव मरतात, आणि मोकळ्या जागेवर खारटपणातले चढउतार सोसणारे पाहुणे बसतात. हा काळ चुकवला तर प्रश्नाचं निम्मं उत्तर हुकतं.

गाळासाठी व्हॅन व्हीन ग्रॅब, म्हणजे दोरीने सोडून तळाचा गाळ उचलणारा जबडा. प्रत्येक ठिकाणी किमान तीन फेका घ्या. जबड्यात शिंपला अडकून तोंड उघडं राहिलं असेल तर वरचा थर वाहून गेलेला असतो, तो नमुना फेकून द्या आणि फेकल्याची नोंद करा. चाळणी 0.5 मिलिमीटरची. नळाची धार मारू नका. टबात पाणी घेऊन चाळणी हळू फिरवा, नाहीतर पॉलिकीटचे तुकडे होतात आणि डोक्याशिवाय ओळख पटत नाही. ग्रॅब 0.04 चौरस मीटरचा असेल तर चौरस मीटरचा आकडा काढताना 25ने गुणावं लागतं. म्हणजे एक प्राणी सापडला की तक्त्यात 25 दिसतात. त्यामुळे मूळ मोजणी शेजारी लिहाच.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते टिकवताना. जिवंत प्राणी थेट फॉर्मालिनमध्ये टाकला तर तो आक्रसतो. आधी गोड्या पाण्यात सुमारे सात टक्के मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण करून त्यात सैल होऊ द्या. मग टाकणखार घालून आम्लता मारलेलं फॉर्मालिन वापरा. साध्या फॉर्मालिनमध्ये लहान शिंपल्यांचं चुनखडी कवच विरघळतं, आणि ज्या बिजागरीवरून ओळख करायची तीच जाते. डीएनएसाठीचा भाग वेगळ्या बाटलीत 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण प्राण्यातलं पाणी ते पातळ करतं. चिठ्ठी बाटलीच्या आत, जलरोधक कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उडून जाते.

डीएनए शेवटचा शब्द आहे असं समजू नका. मायटेलासारख्या काही शिंपल्यांत एरवी आईकडूनच येणारे मायटोकाँड्रिया (पेशीतले स्वतःचा डीएनए असलेले कण) नरांना वडिलांकडूनही मिळतात. जननग्रंथीचा तुकडा घेतलात तर सीओआयचा (जात ओळखायला वापरतात त्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा) क्रम इतका वेगळा येतो की नवी जात सापडल्याचा भास होतो. पायाचा किंवा स्नायूचा तुकडा घ्या. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या संग्रहातल्या जुळणीवरही आंधळा विश्वास नको, तिथे चुकीच्या नावाने चढवलेले क्रम आहेत.

नाव ठरलं म्हणजे परकेपण ठरलं असं नाही. चार्ल्स डार्विनने 1854मध्ये वर्णन केलेला अँफिबॅलनस अँफिट्राइट हा बार्नॅकल मुंबईसह जगभरच्या बंदरांत आहे, पण जहाजं शतकानुशतकं फिरत असल्याने त्याचं मूळ घर ठामपणे सांगता येत नाही. अशांसाठी जेम्स कार्लटन यांनी 1996मध्ये ‘क्रिप्टोजेनिक’ हा गट रुळवला. कॅरिजोआ रीसाय हे मऊ पोवळं दीर्घकाळ कॅरिबियनचं मानलं गेलं, नंतर जनुकीय अभ्यासाने त्याचं मूळ हिंद-प्रशांत भागात असल्याचं दाखवलं. आणि आपलं शिनाणं फ्लोरिडात टँपाच्या उपसागरात 1999पासून परकं आहे. परका हा शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी तपासा: जुन्या स्थानिक याद्यांत आणि संग्रहांत तो होता का, बंदराजवळ जास्त आणि दूर कमी अशी मांडणी आहे का, आणि त्याचे जवळचे नातेवाईक कुठे राहतात. उत्तर डळमळीत असेल तर ‘क्रिप्टोजेनिक’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्राची पदवी पुरते. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था), गोवा विद्यापीठ, गोव्यातच दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ही जवळची ठिकाणं. बॅलास्ट पाण्याचा (जहाज तोलून धरायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचा) आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017पासून लागू आहे, त्यामुळे बंदरांच्या जैविक पाहण्या आणि जहाजांवरच्या पाण्याच्या तपासण्या या कामांना मागणी आहे. पण प्रकल्पात माणूस घेताना पॉलिकीट किंवा अँफिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) ओळखता येणारा उमेदवार आधी उचलला जातो, संगणकावर आलेख काढणारे पुष्कळ मिळतात. एक गट निवडा आणि त्यात बसा.

बंदरात शिरण्याचा परवाना महिनाभर आधी मागा. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचा तुकडाही परवानगीशिवाय नको. नमुना परदेशात पाठवायचा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा. पहिली नोंद वाटावी असं काही मिळालं तर बातमीच्या आधी नमुना मान्य संग्रहात जमा करा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. आणि एका खाडीतून दुसरीकडे जाताना दोर, चाळण्या, बूट नुसते गोड्या पाण्याने धुऊन भागत नाही. मायटिलॉप्सिस ते सहज सोसतो. सगळं कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा आणि खरवडलेला चुरा पाण्यात परत न फेकता जमिनीवर पुरा.