या चुका टाळा: आदिवासी कला घरी आणताना

मे महिन्यात मला ठरलेला फोन येतो, ‘गोंड चित्राचा कागद फुगला, काय करू?’ मी आधी विचारतो, कूलर कुठे आहे? आपल्या नागपूरच्या घरांत कूलरच्या झोतासमोरची भिंत मोकळी असते, म्हणून चित्र नेमकं तिथे लागतं. ओलसर हवा फ्रेममध्ये शिरते, कागदाला वळ्या पडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. चित्र आतल्या कोरड्या भिंतीवर लावा आणि काच कागदाला टेकू देऊ नका.

पण माझा खरा राग घासण्यावर आहे. छत्तीसगडमधल्या कोंडागावहून आणलेला ढोकऱ्याचा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेला पितळी हत्ती मी वहिनींना दिला होता. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी तो चिंच लावून तारेच्या घासणीने घासला. “भाऊजी, किती काळा पडला होता जी, आता बघा!” मी हातात घेतला आणि पोटात गोळा आला. घडवा, म्हणजे ढोकरा घडवणाऱ्या समाजाचा कारागीर मधमाश्यांच्या मेणाचे सुतासारखे धागे मातीच्या गाभ्यावर एकेक करून बसवतो, वरून माती लिंपतो. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ उतरतं. साचा फोडूनच मूर्ती निघते, म्हणून तशीच दुसरी होत नाही. त्या धाग्यांच्या खाचांतला काळेपणा झुलीची नक्षी उठून दाखवत होता. तो गेला, धाग्यांच्या कडा बोथट झाल्या. खाचांत राहिलेल्या चिंचेच्या कोळाने महिनाभरात हिरवट थर धरला. दोन रविवार बसून मी तो काडीने काढला. कडा काही परत आल्या नाहीत. माझ्या मूर्तींना मी फक्त मऊ, कोरडा ब्रश लावतो. पाणीसुद्धा नाही.

‘याची जोडी मिळेल का?’ असं विचारू नका. हुबेहूब जोडी निघाली, तर ती ढोकऱ्याची नव्हे.

लाल पार्श्वभूमीवर पांढरी माणसं दिसली की सगळं वारली नसतं. वारली पालघर-डहाणूकडची, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणून जगभर नेलेली.

छापील प्रत ओळखायला भिंग घ्या. हाताने मारलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, शाई एखाद्या ठिकाणी साचते. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात.

थडग्यावरचा खांब किंवा देवघरातली जुनी मूर्ती कुणी स्वस्तात देऊ लागलं, तर परत फिरा. ती विकायची वस्तू नाही.

पाच मिनिटांत सोफ्याला शोभेल असं चित्र उचलणाऱ्यांची मला चीड येते. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात कारागीर स्वतः बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, भावात घासाघीस करू नका. गोंड चित्रं कागदावर आणणाऱ्या, मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या जनगढ सिंह श्याम यांच्यानंतरच्या गोंड चित्रकारांत प्रत्येकाची आकृती भरायची तऱ्हा वेगळी: कुणाचे ठिपके, कुणाच्या आखूड रेघा. दहा चित्रं नीट पाहिली की सहीआधी हात ओळखू येतो. मी घरी आल्या आल्या कलाकाराचं नाव, गाव आणि त्याने सांगितलेली गोष्ट कागदावर लिहून फ्रेमच्या मागे चिकटवतो.