व्हाइट माउंटन्सची पानगळ: शंभर मैलांचा फेरा कॉनवेतून सुरू करा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याच्या व्हाइट माउंटन्समध्ये पानांचे रंग डोंगरावरून खाली उतरत येतात. सप्टेंबरअखेर माथ्याकडचे बर्च पिवळे झालेले असतात, तेव्हा दरीतले मेपल बरेचसे हिरवेच असतात. ऑक्टोबरच्या मध्याकडे दरी रंगात येते आणि वर नुसत्या फांद्या उरतात. म्हणून 'नेमकी कोणती तारीख?' यावर डोकं शिणवू नका, एका दिवसात उंची बदलत जाणारा रस्ता निवडा. कॉनवे गाव सुमारे ५०० फुटांवर आहे आणि कँकमॅगस खिंड २,८५५ फुटांवर. एका उंचीवर रंग हुकला तरी दुसरीकडे सापडतो.

पूर्ण फेरा साधारण १०० मैलांचा आहे: कॉनवे, रूट ११२ म्हणजेच कँकमॅगस हायवेने लिंकन, तिथून आय-९३ महामार्गाने फ्रँकोनिया नॉच (नॉच म्हणजे डोंगरातली खिंड), रूट ३ ने ट्विन माउंटन आणि रूट ३०२ ने क्रॉफर्ड नॉचमधून परत कॉनवे. नुसतं चालवायला तीन तास पुरतात, थांबत गेलात तर अख्खा दिवस लागतो.

बॉस्टनकडची मंडळी बहुधा आय-९३ ने थेट लिंकनला येऊन पूर्वेकडे निघतात. सकाळी तसं गेलं की सूर्य समोरून डोळ्यांवर येतो. त्यापेक्षा आदल्या रात्री कॉनवेत मुक्काम करा आणि साडेसातच्या आत पश्चिमेकडे निघा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. दुपारनंतर ३०२ वरून आग्नेयेकडे परततानाही तेच.

निघण्यापूर्वी टाकी भरा, कारण कॉनवे ते लिंकन या ३४ मैलांत पेट्रोल पंप नाही. मोबाइलला रेंजही बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. धबधब्यांजवळच्या पार्किंगसाठी ५ डॉलरचा दिवसभराचा पास लागतो. सुट्या नोटा जवळ असू द्या.

आधी ऑल्बनीचा छत असलेला लाकडी पूल, मग लोअर फॉल्स, रॉकी गॉर्ज आणि सॅबडे फॉल्स. वेळ कमी असेल तर सॅबडे ठेवा, बाकीचे सोडा: अर्ध्या मैलाहूनही कमी चाल आहे आणि अरुंद घळीतून पाणी टप्प्याटप्प्याने कोसळतं. खिंड ओलांडल्यावर उतारावर पेमिजवॉसेट आणि हॅनकॉक हे दोन पॉइंट लागतात. हॅनकॉक ऐन हेअरपिन वळणावर आहे. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला गाडी घालू नका, मागून येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. ओल्या पानांवर चाकं घसरतात, त्यामुळे उतारावर खालचा गिअर टाका.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो. त्या शनिवार-रविवारी लिंकनमध्ये गाड्यांची रांग हमखास लागते. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या. अडकायचं नसेल तर सॅबडेच्या अलीकडेच उजवीकडे बेअर नॉच रोड फुटतो. नऊ मैलांत तो बार्टलेटला रूट ३०२ वर नेऊन सोडतो. खिंड मात्र हुकते.

क्रॉफर्ड नॉच ही दोन्ही बाजूंनी उभ्या भिंती असलेली खोल खिंड आहे, तिथे सावली लवकर पडते. दुपारी दोनपर्यंत पोहोचा. त्याआधी ब्रेटन वुड्सला रस्त्यावरूनच माउंट वॉशिंग्टन हॉटेल आणि मागे तो डोंगर दिसतो. जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घालणारी १९४४ ची परिषद इथेच भरली होती.

लाल रंग किती चढेल हे हवेवर ठरतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नाही, असं हवामान लाभलं तर मेपलच्या पानात साखर साठते आणि लाल रंगद्रव्य जास्त तयार होतं. सलग ढगाळ दिवस गेले तर लाली फिकी राहते. वादळी पाऊस एका रात्रीत झाडं रिकामी करतो, म्हणून त्यानंतर खालच्या दऱ्यांकडेच वळा. साधा रिमझिम पाऊस मात्र टाळू नका: ओल्या खोडांचा काळा रंग पानांना उठाव देतो. पानांवरची चकाकी कॅमेऱ्याच्या लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून काढता येते. फोनवर एक्सपोजर थोडं कमी करा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. संधिप्रकाशात मूस, म्हणजे इथली अवाढव्य हरणं, रस्त्यावर येतात. हे प्राणी इतके उंच आणि गडद असतात की हेडलाइटमध्ये त्यांचे पायच काय ते दिसतात आणि धडकेत अख्खं धड काचेवर येतं. अंधार पडायच्या आत कॉनवे गाठा. उशीर झालाच तर वेग ताशी ४० मैलांच्या आत ठेवा.