वसंतात रानफुलं बघायला निघालात? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मार्चमध्ये कासला जाणं. दरवर्षी कुणीतरी जातंच आणि वाळकं गवत बघून वैतागून परत येतं. अहो, कासचा बहर पावसाच्या जिवावर, ऑगस्टअखेर ते साधारण ऑक्टोबरची सुरुवात एवढाच. वसंतात आपल्याकडची जमीन ठणठणीत कोरडी असते, तेव्हा फुलतात ती मुख्यतः झाडं, त्यामुळे पावसाळ्यासारखं खाली बघत फिरलात तर हाती काही लागणार नाही, मान वर करा.

मग लाल दिसलं की "पळस पळस" म्हणून फोटो टाकायचा, हे दुसरं. खोडाला जाडजूड शंकूच्या आकाराचे काटे, मोठं लालभडक फूल, पाच मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका असेल तर ती काटेसावर. पळसाला काटे नसतात, खोड वेडंवाकडं, फूल केशरी, चोचीसारखं वळलेलं, देठाकडची बाजू काळपट मखमली. पांगाऱ्याला काटे असतात पण लहान, आणि फुलं फांदीच्या टोकाला तुऱ्यात येतात. पानांवरून ओळखू म्हणाल तर फसाल, कारण पळस आणि पांगारा दोघांचीही पानं तीन-तीनच, आणि ऐन बहरात ती बरीचशी गळालेली असतात. (गुलमोहर यात धरू नका, तो मादागास्करचा, रस्त्याकडेला लावलेला.)

जागाही चुकते लोकांची. पळसाचं पेटलेलं रान बघायचं तर विदर्भ-मराठवाड्यातली कोरडी पानगळीची जंगलं, महाबळेश्वरच्या दाट झाडीत तो शोधून काय उपयोग? तिथे आणि माथेरानला अंजनी बघा ना, फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गुच्छ असतात. सुरंगी हवी तर सरळ सिंधुदुर्ग किंवा गोवा गाठा, ती पण जुन्या फांद्यांवरच फुलते, आधी वासच येतो.

आणि उशिरा उठणं! कुंभ्याची फुलं रात्री उमलतात, सकाळी झाडाखाली पुंकेसरांचा सडा पडलेला असतो, दहाला पोचलात तर वर फारसं काही उरलेलं नसतं. मोहाचंही तेच, फुलं पहाटे गळतात. गडचिरोलीकडे ती वेचणं ही लोकांची कमाई आहे आणि कुठलं झाड कुणी वेचायचं हे बऱ्याच गावांत ठरलेलं असतं, तेव्हा मज्जा म्हणून पिशवी भरू नका, विचारा आधी.

पिवळा पळस सापडला तर फोटो जरूर टाका पण लोकेशन नको, दुर्मिळ म्हणून लोक फांद्या तोडून नेतात. आणि सिगारेट प्लीज गाडीतही नको, या दिवसांत गवत पेटायला एक ठिणगी पुरते.